पोर्तुगालची पहिली सहल : आराखडा, कागदपत्रे आणि टाळता येण्याजोग्या चुका

युरोपची पहिली सहल म्हटली की दहा दिवसांत सहा-सात देश दाखवणारी जाहिरात डोळ्यांसमोर येते, आणि परत आल्यावर लक्षात राहते ती मुख्यतः बसची खिडकी. आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझे पती आणि सासू-सासरे यांनी, एकच देश निवडला आणि त्यातही दोनच शहरांत मुक्काम केला. पोर्तुगाल निवडण्याचे कारण साधे होते. देश आकाराने महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे, रेल्वेने फिरता येतो, आणि वसई, चौल, रेवदंडा, गोवा या आपल्या परिचित ठिकाणांचे दुसरे टोक तिथे पाहायला मिळते. स्वतः सगळे आरक्षण करून जाताना आमचा जिथे जिथे गोंधळ झाला, ती ठिकाणे पुढील टप्प्यांत क्रमाने सांगितली आहेत.

१. आधी आराखडा, मग व्हिसा

पुष्कळ लोक व्हिसाच्या कागदपत्रांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. व्हिसाच्या अर्जात प्रत्येक रात्र कुठे काढणार हे दाखवावे लागते, त्यामुळे आराखडा पक्का नसेल तर हॉटेलचे आरक्षण, विमानाचे तिकीट आणि अर्जातील तारखा यांचा मेळ बसत नाही. पहिल्या सहलीसाठी नऊ रात्रींची विभागणी मी अशी सुचवेन : लिस्बनमध्ये पाच रात्री, पोर्तोमध्ये तीन, आणि परतीचे विमान लिस्बनहून असल्यास शेवटची रात्र पुन्हा लिस्बनमध्ये. सिंत्रा या राजवाड्यांच्या डोंगरी गावासाठी वेगळा मुक्काम नको. लिस्बनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. लिस्बनला उतरून पोर्तोहून परतण्याचे तिकीट वाजवी दरात मिळाले, तर ती शेवटची रात्र आणि एक रेल्वेप्रवास वाचतो.

दक्षिणेचा अल्गार्वे किनारा सुंदर आहे, परंतु नऊ दिवसांत तो कोंबू नये. त्याऐवजी एक दिवस मोकळा ठेवावा. तो एव्होरासाठी वापरता येतो. तिथे रोमन काळातील मंदिराचे खांब उभे आहेत आणि माणसांच्या अस्थींनी भिंती मढवलेले एक चॅपेलही आहे. वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना फातिमाला जायचे असते. १९१७ मध्ये तीन मेंढपाळ मुलांना मरियामातेचे दर्शन झाल्याची श्रद्धा असलेले हे तीर्थस्थान लिस्बनहून बसने साधारण दीड तासावर आहे; तिथे जाण्यासाठी रेल्वेपेक्षा बसच सोयीची पडते.

२. कोणत्या महिन्यात जावे

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ उत्तम. शाळांची मे महिन्याची सुट्टी यात नेमकी बसते, ही आपल्यासाठी जमेची बाजू. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी पाऊस गृहीत धरावा, विशेषतः पोर्तोमध्ये. समुद्राबाबत एक सूचना : हा अटलांटिक आहे, अरबी समुद्र नव्हे, भर उन्हाळ्यातही पाणी इतके गार असते की आमच्यापैकी कोणीही गुडघ्यापुढे गेले नाही.

३. व्हिसा : काय लागते आणि कुठे अडते

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो बहुतेक युरोपात चालतो, आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण 'किमान' या शब्दावर विसंबून राहू नये. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस लागतात, मात्र नियमानुसार तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि उन्हाळ्यापूर्वी व्हिसा केंद्रावर भेटीची वेळ मिळणे हेच मुळात अवघड असते. मे महिन्यात जायचे असेल तर जानेवारीतच हालचाल सुरू करावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. त्याशिवाय व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही.

आम्ही जमवलेली कागदपत्रे अशी होती :

– पासपोर्ट. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, युरोप सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. जुने पासपोर्टही सोबत द्यावेत.
– भरलेला आणि सही केलेला अर्ज, आणि ३५ × ४५ मिलिमीटर मापाची अलीकडची छायाचित्रे.
– जाण्यायेण्याच्या विमानाचे आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचे राहण्याचे आरक्षण.
– किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, जो सगळ्या शेंगेन देशांत आणि प्रवासाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू असेल.
– बँकेचा शिक्का असलेले गेल्या काही महिन्यांचे खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे.
– नोकरदारांसाठी रजेचे पत्र व पगारपत्रके, व्यावसायिकांसाठी नोंदणीची कागदपत्रे, निवृत्तांसाठी निवृत्तिवेतनाचा पुरावा.
– प्रवासाचा हेतू, दिवसवार आराखडा आणि खर्च कोण करणार हे सांगणारे एक पानी पत्र.
– मुले सोबत असल्यास जन्मदाखला आणि दोन्ही पालकांची संमती.

आता सापळे. पहिला सापळा 'सोप्या देशातून' व्हिसा काढण्याच्या सल्ल्याचा. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, असा नियम आहे. केवळ भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून दुसऱ्या देशाकडे अर्ज करून नंतर आराखडा बदलणे अंगाशी येऊ शकते.

दुसरा सापळा खास आपल्या नावांचा. महाराष्ट्रात अनेकांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते. विमानाचे तिकीट, विमा आणि हॉटेल आरक्षण या सगळ्यांवर पासपोर्टवरचेच नाव त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने असावे. सासूबाईंच्या विम्यावर मधले नाव गळले होते; ते दुरुस्त करून घेण्यात आमचा एक आठवडा गेला. लग्नानंतर नाव बदलले असेल आणि पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर सगळीकडे जुनेच नाव वापरावे आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडावा.

तिसरा सापळा : अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरणे. नियमित व्यवहार दाखवणारे मध्यम शिल्लक असलेले खाते, स्पष्टीकरण नसलेल्या फुगीर शिलकीपेक्षा अधिक विश्वासार्ह दिसते. मुलाने किंवा मुलीने पालकांचा खर्च करायचा असेल तर तसे पत्र आणि आपले खातेउतारे जोडावेत.

४. पैसे आणि सामान

फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून घेतलेले कार्ड), एक साधे बँक कार्ड आणि थोडे रोख युरो, अशी तिहेरी व्यवस्था पुरेशी होते. बँक कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करण्याची सोय ॲपमध्ये असते आणि ती मुळात बंद असते. निघण्यापूर्वीच ती सुरू करावी. तिथल्या यंत्राने 'रुपयांत की युरोत?' असे विचारल्यास नेहमी युरो निवडावे, कारण रुपयांचा पर्याय निवडला की दर त्या यंत्राच्या मर्जीने लागतो. रोख काढण्यासाठी 'मुल्तिबांको' असे नाव असलेली बँकांची यंत्रे वापरावीत. लिस्बनमध्ये दरडोई दर रात्री ४ युरो आणि पोर्तोमध्ये ३ युरो पर्यटन कर आकारला जातो. तो बहुधा आरक्षणाच्या रकमेत नसतो आणि हॉटेलवरच द्यावा लागतो, त्यामुळे चौघांच्या हिशेबात त्याची तरतूद ठेवावी.

खाऊ नेताना एक नियम पाळावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवावे. चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांनी आमची संध्याकाळची भूक निभावली. विजेचा दाब २३० व्होल्ट असला तरी आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही. दोन गोल पिनांचा जोड सोबत असावा.

सामानातील सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र बूट. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत. वर्षानुवर्षांच्या वापराने ते गुळगुळीत झाले आहेत आणि पाऊस पडला की घसरगुंडी होतात. तळव्याला पकड नसलेले बूट किंवा सपाट चपला घालून या शहराचे चढउतार करणे म्हणजे पाय मोडून घेणे.

५. उतरण्याचा दिवस

भारतातून जाताना आखाती देशात, इस्तंबूलमध्ये किंवा युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलावे लागते. पॅरिस किंवा फ्रँकफर्टसारख्या शेंगेन विमानतळावर बदलत असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, लिस्बनला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीनुसार पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते, त्यामुळे रांगा लांबतात. अशा ठिकाणी दोन विमानांमध्ये तीन तासांहून कमी अंतर ठेवू नये. हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत असाव्यात. मोबाइल ऐन वेळी बंद पडतो.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका तिथूनच सुटते. स्थानकातील यंत्रातून अर्ध्या युरोचे पुन्हा भरता येणारे कार्ड घ्यावे लागते. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते. एका कार्डावर चौघांना जाता येत नाही. त्यात पैसे भरण्याचा जो 'झॅपिंग' नावाचा पर्याय असतो तो निवडावा, म्हणजे तेच कार्ड मेट्रो, बस, ट्राम आणि सिंत्राच्या लोकल गाडीलाही चालते. त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. घड्याळ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. रात्री आठ वाजता जेवायला बसलो तेव्हा सासरे ताटासमोरच डुलक्या घेत होते.

६. लिस्बन : कसे पाहावे

पहिला पूर्ण दिवस बाइशा आणि आल्फामा या दोन शेजारी भागांना द्यावा, आणि ते याच क्रमाने पाहावेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, लोक सर्व संतांच्या सणाच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेले असताना, मोठा भूकंप झाला; पाठोपाठ समुद्राच्या लाटा आणि आगी यांनी शहराचा मोठा भाग नष्ट केला. बाइशाचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते हे त्यानंतर मार्क्विस ऑफ पोंबाल या मंत्र्याच्या आज्ञेने झालेल्या पुनर्रचनेचे फळ आहे. त्याच्या वरच्या अंगाला कार्मो मठाच्या चर्चच्या छताविना उभ्या असलेल्या कमानी दिसतात. आल्फामा मात्र भूकंपातून बऱ्याच अंशी वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या आणि जिन्यांच्या आहेत. हा फरक डोळ्यांत भरला की साध्या रस्त्यांवरून चालणेही अर्थपूर्ण होते. आल्फामात नकाशा बाजूला ठेवून चढावे आणि जिथे 'मिरादोरो' अशी पाटी दिसेल तिथे थांबावे. ही शहराच्या टेकड्यांवरची दृश्यस्थळे असून तिथे प्रवेशशुल्क नसते.

पिवळी २८ क्रमांकाची ट्राम सर्वांनाच हवी असते. मार्तिम मोनीश येथील थांब्यावर दहानंतर तासाभराची रांग सहज लागते. सकाळी आठच्या आत जावे, किंवा मार्गाच्या दुसऱ्या टोकाहून, कांपो द ओरिकच्या बाजूने बसावे. ट्राममध्ये खिसेकापू असतात, हे अतिशयोक्तीने सांगितले जात नाही. पाकीट पुढच्या खिशात आणि पाठीवरची पिशवी छातीवर, एवढे पथ्य पुरेसे आहे.

दुसरा दिवस नदीकाठच्या बेलेम या भागाचा. सोमवारी जाऊ नये. बहुतेक सरकारी स्मारके त्या दिवशी बंद असतात. शिवाय एखादे स्मारक दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या स्मारकाचे अधिकृत संकेतस्थळ पाहून घ्यावे. मानुएल पहिला या राजाने १५०१ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या जेरोनिमोस मठात दोन वेगळी दारे आहेत : चर्चमध्ये प्रवेश विनाशुल्क, तर कोरीव कमानींच्या आतील चौकासाठी तिकीट. रांगेत उभे राहण्यापूर्वी आपण कोणत्या दाराच्या रांगेत आहोत हे विचारावे. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला आणि नंतर त्याचे अवशेष मायदेशी नेण्यात आले. नदीकाठी १९६० मध्ये उभारलेले दर्यावर्दींचे भव्य स्मारक आहे. तिथे त्या सफरींचा गौरव जेवढा दिसतो, तेवढी त्या सफरी ज्यांच्या किनाऱ्याला लागल्या त्यांची बाजू दिसत नाही. ज्याने वसईचा किल्ला पाहिला आहे त्याला ही उणीव आपोआप जाणवते.

मठाजवळच १८३७ पासून चालत आलेले 'पाश्तेइश द बेलेम' हे दुकान आहे. बाहेरची रांग पाहून परतू नये. आत बसण्याची अनेक दालने आहेत आणि तिथे पुष्कळदा लवकर जागा मिळते. 'पाश्तेल' नावाची कस्टर्डची छोटी गरम टिकली वर दालचिनी भुरभुरून खातात. तिच्यात अंड्याचा बलक असतो, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. बेकरीतला पदार्थ म्हणजे शाकाहारी, हा आपला समज तिथे चालत नाही.

७. सिंत्रा : वेळेचे गणित

आमची सर्वांत मोठी चूक इथेच झाली. लिस्बनच्या रोसिओ स्थानकातून लोकल गाडी सुमारे चाळीस मिनिटांत सिंत्राला पोचते. पेना राजवाड्याच्या अंतर्भागाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते. आम्ही साडेअकराचे तिकीट घेऊन अकराला स्थानकावर उतरलो आणि वेळ भरपूर आहे असे समजलो. प्रत्यक्षात आधी ४३४ क्रमांकाच्या बसची रांग, मग डोंगरावरचा वळणांचा रस्ता, आणि फाटकापासून राजवाड्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, उद्यानाच्या फाटकाची नव्हे. आम्हाला आत सोडले नाही आणि पैसे वाया गेले. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि त्याआधी निदान दीड तास सिंत्रा स्थानकावर उतरावे. ज्येष्ठांसाठी फाटकापासून वर नेणारी छोटी बस आहे. तिचे तिकीट वेगळे असते.

आमच्या सासूबाईंचे मत असे पडले की लाल-पिवळा राजवाडा बाहेरून आणि गच्चीवरूनच पाहावा, आणि मला ते पटते. अंतर्भागापेक्षा किंता दा रेगालेराच्या बागेत अधिक वेळ द्यावा. तिथे जमिनीत सुमारे २७ मीटर खोल उतरणारी गोल जिन्याची विहीर आहे, जी पाण्यासाठी कधीच नव्हती. आपल्याकडच्या पायविहिरी पाहिलेल्या माणसाला ती एकाच वेळी ओळखीची आणि परकी वाटते. एका दिवसात दोनच ठिकाणे घ्यावीत. युरोपच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेचे टोक असलेले काबो द रोका त्याच दिवशी करता येते, पण तिथे धुके असल्यास काहीही दिसत नाही, आणि धुके बरेचदा असते.

८. पोर्तोला जाताना आणि तिथे

लिस्बन ते पोर्तो जलद गाडीने सुमारे तीन तास लागतात. तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते. पासष्टी ओलांडलेल्यांना रेल्वेत निम्मी सवलत मिळते आणि ती परदेशी नागरिकांनाही लागू असते; पासपोर्ट सोबत हवा. गाडी पोर्तोच्या कांपान्या स्थानकावर थांबते. तिथून स्थानिक गाडीने काही मिनिटांत साओ बेंतो स्थानक येते. त्याच्या दालनातील भिंतींवर चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी रंगवलेल्या सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, त्यामुळे सामान घेऊनही दहा मिनिटे थांबावे.

पोर्तो हे पायी आणि रमतगमत पाहण्याचे शहर आहे. १८८६ मध्ये पूर्ण झालेल्या दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून संध्याकाळी पलीकडे जावे आणि खालच्या मजल्यावरून परत यावे. पलीकडच्या गायामध्ये पोर्ट मद्याची जुनी कोठारे आहेत. एक दिवस दोरो नदीच्या खोऱ्यासाठी ठेवावा. नौकेच्या महागड्या सहलीऐवजी साओ बेंतोहून पिन्यांवपर्यंत साधी रेल्वे घ्यावी आणि जाताना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, कारण नदी त्या बाजूला असते. संपूर्ण सहलीतील सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत स्मरणीय दिवस हाच ठरला.

९. जेवणाची व्यवस्था

हॉटेलात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येते. याला 'कूव्हेर' म्हणतात आणि हात लावला की बिलात लागते. नको असल्यास ते नम्रपणे परत द्यावे. न मागितलेल्या व न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे.

शाकाहारी माणसाने 'सें कार्न, सें पेइश' म्हणजे 'मांस नको, मासा नको' हे दोन शब्दसमूह पाठ करावेत. काल्दू व्हेर्द हे पालेभाजीचे सूप शाकाहारी दिसते, पण त्यात सॉसेजच्या चकत्या घालतात. बाजारात मात्र मराठी माणूस हरवत नाही : बटाटा, कोबी, काजू, अननस, पाव हे शब्द तिथूनच आपल्याकडे आले आहेत. गल्ल्यावर 'पगार' हा शब्द कानावर पडला तर दचकू नये, त्याचा अर्थ 'पैसे देणे' एवढाच. फसवणारा शब्द एकच : पदार्थांच्या यादीतील 'पेरू' म्हणजे फळ नव्हे, टर्की नावाचा पक्षी. सासऱ्यांनी उत्साहाने पेरूचे सँडविच मागवले होते. लिस्बनमध्ये मार्तिम मोनीशच्या आसपास भारतीय उपखंडातील किराणा दुकाने आहेत, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास दोन वेळचा वरणभात सहज होतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

१०. संप, फसवणूक आणि परतीचा दिवस

'ग्रेव्ह' म्हणजे संप. रेल्वेचे संप तिथे अधूनमधून होतात आणि ते आधी जाहीर केलेले असतात, म्हणून विमानाच्याच दिवशी पोर्तोहून लिस्बनला येण्याचे ठरवू नये. शेवटची रात्र विमान असलेल्या शहरातच काढावी. बाइशाच्या रस्त्यांवर जवळ येऊन हळू आवाजात चरस-गांजा विचारणारे लोक भेटतात; थांबून उत्तर न देता पुढे चालत राहावे. पासपोर्टची रंगीत प्रत स्वतंत्र ठिकाणी ठेवावी आणि मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, आणि पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत नोंद करून मग लिस्बनमधील भारतीय दूतावासात जावे.

परतीच्या दिवशी विमानतळावर सुटण्याच्या वेळेच्या तीन तास आधी पोचावे. सामान तपासणीनंतर दुकानांची गर्दी लागते आणि पासपोर्टची रांग त्यांच्याही पुढे असते, त्यामुळे खरेदीत रमून विमान चुकवणारे दर दिवशी दिसतात. आधी पासपोर्टची तपासणी करून घ्यावी, मग पाश्तेलचा सहाचा डबा घ्यावा. तो हातातल्या सामानात नेता येतो आणि दुसऱ्या दिवशी घरच्या तव्यावर मंद आचेवर गरम केला तरी चालतो.